कुंपणाने शेत खाल्ले तर

कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीनामा जाहीर केला. त्यांनी स्वतः कुणा मुलाला इजा केली असे कुणीही म्हटले नव्हते. त्यांच्यावर ठपका होता तो कळूनही पुरेसे न केल्याचा.

प्रकरण जॉन स्माइथ याचे. हा गृहस्थ नामांकित बॅरिस्टर. दीक्षा घेतलेला पाद्री नव्हे. इंग्लंडात इवर्न येथे बड्या शाळांतील मुलांसाठी भरणाऱ्या ख्रिस्ती शिबिरांचा तो कर्ताधर्ता होता. तेथे हेरलेल्या मुलांना तो विंचेस्टर येथील आपल्या घरामागील शेडमध्ये नेई आणि पापाचे प्रायश्चित्त म्हणून रक्त निघेपर्यंत वेताने झोडपी. १९८२ साली एका पाद्र्याने चौकशी करून अहवाल लिहिला. तो मोजक्या मंडळींनी वाचला. पोलिसांकडे कुणीच गेले नाही. १९८४ साली स्माइथ झिंबाब्वेला गेला, तेथेही त्याने मुलांची शिबिरे भरविली आणि तेथेही वेत उगारला. २०१३ साली ही गोष्ट धर्मपीठाच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचली. पोलिसांना कळविले असल्याचे आपणांस सांगण्यात आले व आपण ते खरे मानले, असे वेल्बी पुढे म्हणाले. २०१८ साली स्माइथ केप टाऊन येथे मरण पावला. शिक्षा त्याला अखेरपर्यंत झाली नाही. मेकिन अहवालाने त्याच्या बळींची संख्या शंभराहून अधिक धरली आहे.

हे सारे दडपणारी माणसे दुष्ट होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांतील एकाची प्रांजळ समजूत अशी की, हे उघड झाले तर ईश्वरी कार्याची अपरिमित हानी होईल. संस्थेच्या अब्रूपायी पोरांच्या पाठी सोलून निघाल्या तरी चालतील, असा याचा अर्थ होतो हे त्या सज्जनाच्या ध्यानीही आले नसावे! फेब्रुवारी २०२५ मध्ये या धर्मपीठाच्या महासभेपुढे प्रश्न आला तो हाच: रक्षणाची सारी व्यवस्था बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडे सोपवावी की नाही? सभेने तो पर्याय तूर्त मागे ठेवला आणि धर्मप्रांतांतील रक्षण-अधिकारी धर्मप्रांतांच्याच नोकरीत राहू दिले. ज्याच्या हातचे वेतन घ्यावयाचे त्याच्याच घराची झडती घ्यावयाची, हे कितपत जमेल?

गोव्यात हा प्रश्न परका नाही. मडगावात अनाथ मुलांचे वसतिगृह चालविणारा फ्रेडी पीट्स १९९१ साली पकडला गेला, तोवर तो समाजसेवक म्हणून मिरवत होता. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. ते वसतिगृह चर्चचे नव्हते. पण परोपकाराच्या वस्त्राआड काय चालू शकते हे गोमंतकाने तेव्हा पाहिले. २००३ साली गोव्याने बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला.

कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तक्रारी स्वीकारण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांताला बंधनकारक केली. २०२३ साली ते नियम कायम झाले आणि त्यांत असहाय प्रौढांचाही स्पष्ट समावेश झाला. स्थानिक कायदा पाळावा, असेही ते नियम सांगतात. आणि आमचा कायदा संदिग्ध नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचे कृत्य संस्थाप्रमुखाने दडविले तर एक वर्षापर्यंत. तेव्हा ‘आधी बिशपांना विचारू’ ही सबब कुणाही पाद्री विगाराला उपलब्ध नाही. बिशपांना अवश्य कळवावे, परंतु पोलीस ठाण्याची वाट त्यासाठी अडवू नये.

प्रौढांच्या बाबतीत मात्र कायदाच लंगडा आहे. वृद्धाश्रमातील अंथरुणाला खिळलेली आजी, मतिमंद तरुण, कर्जात बुडून धर्मगुरूच्या दारी आलेली विधवा यांच्यासाठी पोक्सो नाही. अपंग व्यक्तीच्या छळाची माहिती दंडाधिकाऱ्यांना देण्याची सोय २०१६ च्या कायद्यात आहे, सक्ती नाही. विधानसभेत याविषयी कुणी तोंड उघडेल काय?

येथवर वाचताना आमच्या काही हिंदू वाचकांना मनोमन गुदगुल्या झाल्या असतील तर त्यांनी आपले मठ, आश्रम, वेदपाठशाळा आणि क्रीडावर्ग आठवावेत. तेथे तक्रार घ्यायला तरी कोण बसले आहे?

उपाय खर्चाचे नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गात वा सहलीत कुणीही मोठा माणूस एका मुलासह एकटा नसावा. खोलीच्या दाराला काच असावी. बदलून येणाऱ्या माणसाविषयी पूर्वीच्या ठिकाणी लेखी विचारणा व्हावी. प्रत्येक तक्रार त्याच दिवशी तारखेनिशी वहीत नोंदवावी व ती वही संस्थेबाहेरच्या एखाद्या निवृत्त न्यायाधीशाने वा डॉक्टरने तपासावी. आणि चर्चच्या दाराशी, फेस्ताच्या वर्गणीचा फलक लागतो तेथेच, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. पुढच्या फेस्तापर्यंत किती चर्चच्या दारांवर तो दिसतो, ते आम्ही पाहणार आहोत.