विश्लेषण : विळा-कोयत्याला मूठ कशाची? बाभूळ, साग की प्लास्टिक?

भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणीला वेग येतो. विळा घेताना धार पाहिली जाते, मूठ सहसा नाही. मात्र ओल्या खाचरात हात घसरतो किंवा पाते निसटते, ते बहुधा मुठीमुळेच. कोणती मूठ कशासाठी चांगली, याचा हा आढावा.

विळा आणि कोयत्याची गरज वेगळी का?
भाताच्या विळ्याला धक्का कमी, पण ओल आणि चिखल जास्त. खोडकिडीला आळा घालण्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्याने जमिनीलगत कापणी करण्याची शिफारस केली जाते. अशा वेळी मूठ सतत ओली राहते. राबासाठी फांद्या तोडणाऱ्या कोयत्याला मात्र प्रत्येक घावाचा हादरा सोसावा लागतो.

बाभूळ की साग?
बाभळीचे लाकूड जड आणि चिवट असते. ते धक्का सोसते, चटकन फुटत नाही. म्हणून कोयता-कुऱ्हाडीला बाभूळ सरस. साग हलका असून हवेतील ओलीप्रमाणे कमी फुगतो-आकसतो. विळा, सुरीला तो चालतो, पण जोराच्या घावाखाली चिरण्याची शक्यता अधिक. दोन्हींत गाभ्याचे, बिनगाठीचे आणि मुठीच्या लांबीला समांतर रेषा असलेले लाकूड निवडावे.

झाड तोडून मूठ करता येते का?
महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, तिवस, ऐन, हिरडा अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. औजारांच्या दांड्यासाठी नावाजलेला तिवसही त्यात आहे. बाभूळ या अनुसूचीत नाही.

प्लास्टिक, लोखंडी नळीचे काय?
प्लास्टिक पाणी शोषत नाही, धुवायला सोपे. त्यामुळे स्वयंपाकघर, मटण-मासळीच्या सुरीला ते योग्य. मात्र गुळगुळीत मूठ घामाने निसटते आणि उन्हात पडून राहिली की ठिसूळ होते. खरबरीत पृष्ठभाग असेल तरच घ्यावी. लोखंडी नळी मोडत नाही, पण हादरा थेट मनगटात जातो आणि उन्हात ती तापते. त्यावर सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळल्यास पकड सुधारते.

मूठ ढिली का होते?
पाण्याने लाकूड फुगते, पण आतल्या पोलादामुळे त्याला जागा मिळत नाही. तंतू दबतात. वाळल्यावर लाकूड पूर्वीपेक्षा जास्त आकसते आणि भोक सैल होते. म्हणूनच ढिला कोयता रात्रभर पाण्यात ठेवण्याचा उपाय दोन दिवस पुरतो आणि नंतर मूठ आणखी सैल होते. त्यापेक्षा पाचर मारून किंवा लोहाराकडून लोखंडी कडी बसवून घेणे टिकाऊ. लाखेने बसवलेले पाते गरम पाण्यात किंवा चुलीजवळ ठेवू नये. लाख मऊ पडते.

घेताना काय पाहाल?
- मूठ साधारण ३ ते ४ सेंटिमीटर जाड असावी. कापणीत स्त्रियांचा वाटा मोठा असल्याने ती वापरणाऱ्याच्याच हातात धरून पाहावी.
- आकार गोल नव्हे, लांबट गोल असावा. पाते हातात फिरत नाही आणि धारेची दिशा न पाहता कळते.
- टोकाला थोडा फुगवटा असावा, म्हणजे ओला हात सुटत नाही.
- पाते धरून मूठ हलवून पाहावी. किंचितही हलली तर काम थांबवून आधी दुरुस्ती.

निगा कशी राखावी?
हंगाम संपल्यावर मूठ धुऊन सावलीत वाळवावी आणि जवसाचे तेल पातळ हाताने चोळावे. ते हवेत सुकून थर धरते. शेंगदाणा तेल तसे सुकत नाही, चिकट राहते. तेलाचे फडके मात्र चुरगाळून टाकू नये, ते आपोआप तापून पेटू शकते. पसरून वाळवावे.

थोडक्यात, कोयत्याला बाभूळ, विळ्याला साग किंवा बाभूळ आणि स्वयंपाकघरातील सुरीला खरबरीत प्लास्टिक. कशाचीही असली, तरी हलणारी मूठ शेतात नेऊ नये.