कोच बदला, पण कशासाठी?

आमच्या हॉस्टेलच्या मेसचा कॉन्ट्रॅक्टर दोन वर्षांत तीनदा बदलला. दर वेळी मेस कमिटीची मीटिंग, आरडाओरडा, सह्यांची मोहीम... आणि दर वेळी पंधरा दिवसांनी डाळीत पुन्हा तेवढंच पाणी! गेल्या महिन्यातल्या मीटिंगमध्ये "याला पण काढा" असं मी सुद्धा ओरडले. रूमवर आले आणि मला दादाचा जुना फोन आठवला.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. ऑगस्ट २०२२ मध्ये तो एम.एस. करायला अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकनला गेला. जाऊन महिना होतोय तोच फोनवर म्हणाला, "अगं, इथे कोचला काढलंय! लॅबमध्ये, बसमध्ये, किराणा घ्यायला गेलं तरी एकच चर्चा, आता कोण येणार?" मला वाटलं देशाची टीम असेल. तर नाही, त्याच्या कॉलेजची टीम!

तर मंडळी, आधी थोडा खुलासा (कॉन्व्हेंटवालीचं मराठी सांभाळून घ्या). हा आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती बॉल हातात घेऊन धडका मारतात, तो अमेरिकन फुटबॉल. नेब्रास्काची लोकसंख्या जेमतेम वीस लाख, आणि तिथे या खेळाची मोठी प्रोफेशनल टीम नाही. त्यामुळे युनिव्हर्सिटीची टीम म्हणजेच अख्ख्या राज्याची टीम. तिथल्या मेमोरियल स्टेडियममधली प्रत्येक मॅच १९६२ पासून हाउसफुल आहे. मॅचच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सरकारी पगार घेणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त पगार गव्हर्नरला नाही, तर युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल कोचला असतो. पैसा येतो टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि देणगीदारांकडून. म्हणून हेड कोच कोण, हा तिथे घराघरातला प्रश्न.

आता वाद कसे होतात बघा. दादाच्या लॅबमध्ये तीन पार्ट्या होत्या. एक म्हणायची, घरचा माणूस आणा. दुसरी म्हणायची, बाहेरचं मोठं नाव आणा. तिसरी म्हणायची, छोट्या टीमला वर काढणारा हुशार माणूस शोधा. गंमत म्हणजे नेब्रास्काने हे सगळे प्रयोग करून झालेत!

१९७३ ते १९९७, तब्बल पंचवीस सीझन, टॉम ऑस्बोर्न हे एकच हेड कोच होते. एकूण २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. एकाही सीझनमध्ये नऊपेक्षा कमी विजय नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद. त्यांच्यानंतर आले त्यांचेच असिस्टंट फ्रँक सोलिच, जे स्वतः नेब्रास्काकडून खेळलेले. म्हणजे घरचा माणूस. सहा सीझनमध्ये ५८ विजय, १९ पराभव. २००३ च्या रेग्युलर सीझनमध्ये त्यांनी नऊ मॅचेस जिंकल्या, तीन हरल्या, आणि त्यांना घरी पाठवलं! कारण? नऊ पुरेसे नव्हते.

मग आलं मोठं नाव. बिल कॅलहन यांनी त्याच वर्षी, जानेवारी २००३ मध्ये, ओकलंड रेडर्सला सुपर बोलपर्यंत नेलं होतं. त्यांच्या पहिल्याच सीझनमध्ये, २००४ ला, टीमने पाच जिंकल्या, सहा हरल्या. विजयांपेक्षा पराभव जास्त, असं १९६१ नंतर पहिल्यांदाच घडलं. चार वर्षांनी तेही गेले. पुढचे बो पेलिनी. सात सीझन, प्रत्येकात किमान नऊ विजय. "मोठ्या मॅचेस हरतात, शिवाय तापट आहेत" म्हणून २०१४ मध्ये त्यांनाही काढलं. त्यानंतर माइक रायली. तीन वर्षांत १९ विजय, १९ पराभव.

आणि मग २०१७ मध्ये वाद करायला कुणी उरलंच नाही, कारण एकाच माणसात तिन्ही पार्ट्यांचं समाधान झालं. स्कॉट फ्रॉस्ट. नेब्रास्काचाच मुलगा, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक. फ्लोरिडातल्या एका टीमने २०१५ मध्ये बाराच्या बारा मॅचेस हरल्या होत्या. फ्रॉस्टच्या हाताखाली तीच टीम २०१७ मध्ये एकही मॅच हरली नाही! सात वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलर्सचा करार झाला. निकाल? १६ विजय, ३१ पराभव. २०२१ मध्ये नऊ मॅचेस हरले आणि नऊच्या नऊ एक आकडी फरकाने. ज्या नावावर सगळ्यांचं एकमत झालं, तेच सगळ्यांत जास्त फसलं.

दादा पोचला तो नेमका याच फ्रॉस्टच्या शेवटच्या दिवसांत. १० सप्टेंबर २०२२ ला जॉर्जिया सदर्नसारख्या छोट्या टीमने त्यांना ४५-४२ असं, घरच्या मैदानावर हरवलं. दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट आउट. करारात अट होती की १ ऑक्टोबरनंतर काढलं तर भरपाई दीड कोटींऐवजी पंचाहत्तर लाख डॉलर्स. म्हणजे फक्त वीस दिवस थांबले असते तर पंचाहत्तर लाख डॉलर्स वाचले असते! पण एवढा धीर कुणाला?

असो. मग चुकतंय कुठे? दादा म्हणतो, सगळे "कोण" विचारतात, "त्याला काय मिळणार" कुणी विचारत नाही. हेड कोच फक्त मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडत नाही. त्याचं खरं काम वर्षभर चालतं. शाळाशाळांतून खेळाडू शोधायचे, त्यांच्या आईवडिलांना पटवायचं, असिस्टंट निवडायचे. नेब्रास्कात मुळात लोकवस्ती कमी, त्यामुळे चांगली पोरं बाहेरून आणावी लागतात, विशेषतः टेक्सासमधून. २०११ मध्ये युनिव्हर्सिटीने लीग बदलली आणि टेक्सासच्या टीम्सशी दरवर्षी होणाऱ्या मॅचेस बंद झाल्या. त्याआधी स्कॉलरशिपच्या संख्येवरही मर्यादा आली होती. म्हणजे डाळीचं बजेट कमी झालं, आणि आपण आचाऱ्याला शिव्या देतोय!

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. हे खेळाडू आपल्याच वयाचे असतात. सोलिच यांच्या टीमचा क्वार्टरबॅक बॉल घेऊन पळायचा. कॅलहनना बॉल लांब फेकणारा हवा होता. पळण्यासाठी निवडलेल्या पोरांनी काय करायचं? पॅटर्न बदलल्यावर आपल्याकडे बॅकलॉगवाल्यांचे जे हाल होतात, तेच. आता दुसऱ्या कॉलेजात जाणं सोपं झालंय, पण तेव्हा बदलीनंतर सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं.

आणि आता ऑस्बोर्न साहेबांचीच गोष्ट ऐका. पहिली पाच वर्षं ते ओक्लाहोमाकडून दरवर्षी हरले. लोक इतके वैतागले होते की १९७८ च्या सीझननंतर तेही दुसरीकडे जायचा विचार करत होते. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते बाविसाव्या सीझनमध्ये. बाविसाव्या! आजचा हिशोब लावला असता तर ते पाचव्या वर्षीच घरी गेले असते, आणि आज ज्यांच्या नावाने प्रत्येक नवीन कोचला मोजतात, ते नावच नसतं.

याचा अर्थ कुणालाच काढू नये असा नाही. कॅलहन गेले ते बरंच झालं, असं तिकडे आजही म्हणतात. पण काढण्याआधी तीन प्रश्न विचारायला हवेत. याला काय दिलं होतं? किती वेळ दिला होता? आणि नवीन माणसाला आपण वेगळं काय देणार आहोत? तिसऱ्याचं उत्तर "काहीच नाही" असेल, तर फक्त नाव बदलणार.

फ्रॉस्टनंतर मॅट रूल आले. पहिल्या वर्षी पाच विजय, सात पराभव. २०२४ मध्ये सात विजय, सहा पराभव. विजय जास्त आणि पराभव कमी, हे २०१६ नंतर पहिल्यांदाच. दादा आता ओमाहाला नोकरी करतो, आणि त्याच्या ऑफिसात या सात विजयांवरही दोन पार्ट्या पडल्यात!

मेस कमिटीची पुढची मीटिंग सोमवारी आहे. मी जाणार आहे. पण या वेळी "काढा" म्हणायच्या आधी एकच विचारणार, एका ताटामागे आपण त्याला नक्की देतो किती? बघा पटतंय का. पटलं तर तुम्हीही या!

— टी.ई. मेकॅनिकल, लेडीज हॉस्टेल