कोरकूचा खालचा सूर

मेळघाटातली कोरकू भाषा देवनागरीत लिहिली जाते, पण लिहिताना तिचा एक सूर बहुधा कागदावर उतरतच नाही. कोरकूत अक्षरे दोन सुरांत उच्चारली जातात, एक वरचा आणि एक खालचा. हा खालचा सूर म्हणजे बोलण्याची लकब नव्हे, तो शब्दाचाच भाग आहे. शिकागो विद्यापीठाचे नॉर्मन झाइड यांनी १९६६ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. मिशनरी जॉन ड्रेक यांचे कोरकू व्याकरण तर त्याच्याही आधी, १९०३ मध्ये कलकत्त्याहून निघाले होते. म्हणजे भाषेचा अभ्यास जुना आहे. पण मेळघाटातल्या धारणीच्या पोराला आपल्या भाषेतला तो सूर मोबाइलवर कसा लिहायचा, हे अजून कोणी शिकवत नाही.

देवनागरीत यासाठी चिन्ह नाही असे मुळीच नाही. वेदपाठाच्या पोथ्यांत अक्षराखाली आडवी रेघ असते, ती अनुदात्ताची, म्हणजे खालच्या सुराची, खूण. संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये तिला ०९५२ हा सांकेतांक आहे. अक्षरावरच्या उभ्या रेघेचा सांकेतांक ०९५१. तिचे अधिकृत नाव ‘उदात्त’ असले तरी ऋग्वेदाच्या पोथ्यांत ती स्वरित या वेगळ्या सुराची खूण असते. युनिकोडमध्ये एकदा दिलेले नाव बदलत नाही, म्हणून ते तसेच राहिले. इथिओपियाच्या लिपीतही चर्चमधल्या गायनासाठी अक्षरांच्या वर सुरांच्या खुणा लिहितात. त्यांपैकी दहा खुणांना २००५ साली १३९० ते १३९९ हे सांकेतांक मिळाले. प्रार्थनेच्या सुरांची अशी सोय झाली, मग रोजच्या बोलण्यातल्या सुराची का होऊ नये?

खालचा सूर म्हणून खालची रेघ, हे मनाला लगेच पटते. पण लिहून बघा. ‘कू’खाली रेघ दिली की ‘कू॒’ होते. ऊकार आधीच खाली लोंबलेला, त्याच्याही खाली रेघ; ओळी दाट असतील तर ती पुढच्या ओळीतल्या वेलांटीत घुसते. आधी रेघ आणि मग मात्रा असे उलट टंकले तर बऱ्याच फॉन्टांत ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. वर्डमध्ये नुसती अधोरेखा मारून भागवणे तर त्याहून वाईट. ती सजावट असते, अक्षर नव्हे. मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की ती जाते आणि सूरही जातो.

दुसरी वाट डोगरी आणि बोडो भाषांनी दाखवली आहे. दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात, आणि दोन्ही सुरासाठी अक्षरानंतर वर स्वल्पविरामासारखी खूण देतात. बोडोत तिला ‘गोजौ कामा’ म्हणतात, डोगरीत ‘सुर चिह्न’. युनिकोडने त्यांना ०२बीसी हा सांकेतांक सुचवला आहे. तो विरामचिन्हात नव्हे, अक्षरात मोजला जातो, आणि खरी मेख इथेच आहे. त्याच्या जागी अवतरणचिन्ह टंकले तर डोळ्याला फरक कळत नाही, पण संगणक तिथे शब्द तोडू शकतो आणि शोध घेताना तो शब्द सापडत नाही.

मला ही दुसरी वाट कोरकूसाठी जास्त सोयीची वाटते. ऊकाराशी भांडण नाही, फॉन्ट नवा लागत नाही. मात्र ते चिन्ह कीबोर्डावर सहज हाताशी हवे. डोगरी, बोडो आणि कोरकूच्याच मुंडा कुळातली संथाली २००३च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या. कोरकू त्या यादीत नाही आणि सरकारी कीबोर्ड बहुतेक त्या यादीपुरतेच बनतात. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजारांवर होते. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव झाले, तिथे इंटरनेट आले. त्या गावाच्या कीबोर्डावर कोरकूची ही एक कळ येणे काही अवघड काम नाही.

निवड मात्र कोरकूंनीच करायची आहे, आणि ती लवकर व्हायला हवी. धारणी-चिखलदऱ्याबरोबरच मेळघाटातून उठून अकोट तालुक्यात वसलेल्या गावांतले लोक या निवडीच्या बैठकीत हवेत, आणि सीमेपलीकडच्या बैतूल-खंडव्याचेही. नाहीतर महाराष्ट्रातली पुस्तके रेघ वापरतील, मध्य प्रदेशातली स्वल्पविराम, आणि एकाच भाषेचे दोन शब्दकोश एकमेकांत शोधता येणार नाहीत.