जालन्याचे बियाणे आणि ८० टक्क्यांचा वाद

मृगाच्या तोंडावर जालन्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते, तेव्हा वाणाचे शास्त्रीय गुण कुणी विचारत नाही. ‘कोणती बॅग न्यायची?’ एवढाच प्रश्न असतो. गेल्या हंगामात शेजाऱ्याच्या पऱ्हाटीला किती बोंडे धरली होती, यावर उत्तर ठरते. एकाच्या रानावरून दुसऱ्याच्या रानाचा अंदाज बांधायचा, ही जुनी रीत. त्यात फसगत कुठे होते, हेही कोरडवाहू शेतकऱ्याला पाठ असते: जमीन कुणाची होती, पाऊस कसा झाला होता, आणि सांगणारा कोण? २००३ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय कापसाबद्दल एक आकडा जगापुढे ठेवला, तेव्हा त्यांच्या अभ्यासक मित्रांनी आणि विरोधकांनी विचारलेले प्रश्न थेट याच जातीचे होते.

त्या आकड्याचे मूळ जालन्याशी जोडलेले आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून निघालेला हा उद्योग संकरित ज्वारी-बाजरी-कापसापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच दशकात अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीकडून बोंडअळीपासून पीक वाचवणारे बीटी जनुक असलेल्या ‘कोकर ३१२’ या वाणाचे बियाणे महिकोने आणले. कोकर आपल्याकडे पिकवण्याजोगा नव्हता. त्यातले जनुक पिढ्यान्‌पिढ्या संकर करून महिकोच्या स्वतःच्या वाणांत उतरवावे लागले. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. पाकीट ४५० ग्रॅमचे, किंमत १६०० रुपये.

परवानगीच्या आदल्या हंगामात, २००१ मध्ये, शेतकऱ्यांच्या रानात चाचण्या झाल्या होत्या. माटिन काइम आणि डेव्हिड झिल्बरमन यांनी त्यांतल्या महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि तामिळनाडूतल्या १५७ शेतांची माहिती घेऊन लेख लिहिला. ७ फेब्रुवारी २००३ च्या ‘सायन्स’मध्ये तो आला. बीटी वाण आणि तोच बिगर-बीटी वाण शेजारी-शेजारी लावले असता बीटीचे उत्पादन सरासरी ८० टक्के जास्त निघाले होते आणि कीटकनाशक जवळपास ७० टक्क्यांनी घटले होते.

हा आकडा वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. बीटी जनुक झाडाला जास्त बोंडे लावत नाही. अळीने जे खाल्ले असते, तेवढेच ते वाचवते. अमेरिकेत फवारणीने अळी आधीच आटोक्यात असते, म्हणून तिथे उत्पादनातली वाढ किरकोळ दिसते. आपल्याकडे अळीचा मारा मोठा आणि औषधे निकामी झालेली, म्हणून वाचलेला माल जास्त. काइम-झिल्बरमन यांचा सिद्धान्त हाच होता आणि तो मला आजही पक्का वाटतो. पण त्याच सिद्धान्ताने त्यांच्या आकड्याला मर्यादा पडते. २००१ साली बोंडअळीचा उपद्रव भारी होता. ज्या साली अळी कमी, त्या साली फायदाही कमी. लेखात हे नमूद होते. जगभर फिरलेल्या मथळ्यांत मात्र ८० टक्केच उरले.

टीका लगेच झाली. ‘करंट सायन्स’मध्ये सुमन सहाय यांनी त्याच वर्षी आक्षेप घेतला. व्ही. अरुणाचलम आणि एस. बाला रवी यांनीही तिथेच प्रत्युत्तर दिले. एकच हंगाम, छोटे वाफे, आणि चाचण्या त्याच कंपनीच्या जिला बियाणे विकायचे आहे; यावरून साऱ्या विकसनशील जगाबद्दल निष्कर्ष कसा काढता, हा त्यांचा सवाल. तो रास्त होता. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या रिचर्ड बेनेट आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या प्रत्यक्ष लागवडीचे आकडे घेतले तेव्हा २००२ मध्ये ४५ टक्के, २००३ मध्ये ६३ टक्के वाढ दिसली.

इथे खरा गुंता सुरू होतो. महागाचे पाकीट कुणी मुरमाड माळावर लावत नाही. विहिरीजवळच्या काळ्या कसदार पट्टीत ते जाते, त्याला खत वेळेवर पडते, निंदणी आधी होते. शिवाय पहिल्याच वर्षी महाग बियाणे घेणारा शेतकरी बहुधा ऐपतीचा आणि जाणता असतो. मग वाढ जनुकाची किती आणि जमिनीची, हाताची किती? बेनेट यांच्याच गटाने क्रॉस्ट आणि शंकर यांच्यासह २००७ मध्ये आपल्या जुन्या आकड्यांची झडती घेतली आणि शेतकऱ्याच्या अशा निवडीमुळे फायदा फुगून दिसतो हे दाखवले. फायदा उरतो, पण कमी. स्वतःचे माप स्वतःच तपासणारे हे काम मला या साऱ्या वादातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते.

काइमही थांबले नाहीत. पुढच्या हंगामाच्या पाहणीत त्यांना सरासरी ३४ टक्के वाढ मिळाली, आणि आंध्रात तर त्या वर्षी नुकसान. योनास काथागे यांच्याबरोबरचा त्यांचा २०१२ चा लेख २००२ ते २००८ पर्यंत त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन केलेला होता. त्यात वाढ एकरी २४ टक्के, नफ्यात ५० टक्के. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, म्हणून ८० मधून २४ वजा करून कुणी हिशेब मांडू नये. तरी आकडा उतरला, तो त्याच माणसाच्या हातून उतरला, हे महत्त्वाचे.

मानवशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी वारंगळच्या गावांतून उलट बाजू मांडली. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त रोनाल्ड हेरिंग यांच्याशी त्यांचा खडाजंगी वाद झाला. २०२० मध्ये स्टोन आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी ‘नेचर प्लांट्स’मध्ये वीस वर्षांचा आढावा घेतला. देशाचे रुईचे उत्पादन २००२-०३ मध्ये हेक्टरी ३०२ किलो होते, ते २००७-०८ मध्ये ५५४ किलोपर्यंत चढले. या चढाला खत आणि सिंचन जास्त कारणीभूत होते, आणि कीटकनाशकांवरचा खर्च पुन्हा बीटीपूर्व पातळीच्या वर गेला आहे, असे त्यांचे म्हणणे. काइम यांनी त्याच नियतकालिकात उत्तर देऊन ते नाकारले.

तोवर गुलाबी बोंडअळीने आपला निकाल दिला होता. गुजरातेत २००९ च्या सुमारास ती बीटीला दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडली की आत अळी निघे. बीटीबरोबर तेव्हा मिळणारे बिगर-बीटीचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट बांधाच्या कडेने लावायचे असे, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती सावकाश येईल. ते फारसे कुणी लावले नाही. त्यात फरदड: चार पैसे जास्त मिळावेत म्हणून पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत धरलेली पऱ्हाटी, म्हणजे अळीला बारमाही घर.

क्रांती यांचा मुद्दा बियाण्याच्या प्रकाराचाच आहे. संकरित वाण दरवर्षी विकत घ्यावे लागते, महाग असते म्हणून विरळ लावले जाते आणि सहा महिने रानात उभे राहते. जगातले इतर मोठे कापूस-देश सरळ वाण दाट लावून लवकर मोकळे होतात. मराठवाड्यातल्या कोरडवाहू रानात मान्सून परतल्यावर ऑक्टोबरपासून ओल उतरू लागते आणि संकरित झाडाची बोंडे नेमकी तेव्हा भरायला येतात. २००१ च्या त्या १५७ शेतांत बीटी आणि बिगर-बीटी दोन्ही वाफ्यांत संकरित वाणच होते. सरळ वाणाचा वाफा कुणी लावला नव्हता.