तीन जुने कॉम्प्युटर आणि एक रेंडर: मी काम समान वाटलं, तिथेच चुकलो



गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आपल्या नंदनवनातल्याच एका फरसाणवाल्या काकांनी माझ्याकडून एक मिनिटाची ॲनिमेशन जाहिरात करून मागितली. सकाळी दुकान उघडताना त्यांना ती टीव्हीवर लावायची होती, ॲडव्हान्सही घेऊन झाला होता. ब्लेंडरमध्ये सीन तयार झाला, रेंडर लावला आणि डोक्याला हात लावला. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे मिनिटाच्या १५००. माझा पीसी एका फ्रेमला साधारण ३० सेकंद घेत होता. करा हिशोब: साडेबारा तास! आणि घड्याळात रात्रीचे साडेनऊ.

मग आठवलं, भाच्याचा जुना पीसी आहे, दुकानातला बिलिंगचा आहे. तिन्ही लॅन वायरने जोडले आणि प्रत्येकाला ५०० फ्रेम दिल्या. तिघे भाऊ, तीन समान वाटे. निवांत झोपलो.

सकाळी सहाला बघतो तर माझा पीसी रात्री पावणेदोनलाच मोकळा होऊन बसलेला. भाच्याचा नुकताच संपलेला. आणि बिलिंगवाला, ज्याला एका फ्रेमला ९० सेकंद लागतात, तो ३४० वर रखडत होता. त्याचे ५०० पूर्ण व्हायला किती लागले असते? साडेबारा तासच! म्हणजे तीन कॉम्प्युटर लावून मी एकाच कॉम्प्युटरइतका वेळ घेणार होतो. उरलेल्या १६० फ्रेम घाईघाईने तिघांत वाटल्या, म्हणून पाऊण तासात सुटलो.

आता बरोबर हिशोब बघा. माझा पीसी तासाला १२० फ्रेम काढतो, भाच्याचा ६०, बिलिंगचा ४०. मिळून २२०. १५०० ला २२० ने भागा, पावणेसात तासांच्या आसपास. पहाटे साडेचारच्या आतच काम झालं असतं. तीन कॉम्प्युटर म्हणून वेळ एक तृतीयांश होईल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. कमजोर गडी कमजोरच राहतो.

बरं, हा वाटा काढत बसायचीही गरज नाही. ब्लेंडरच्या आउटपुट सेटिंगमध्ये ‘ओव्हरराइट’ बंद करा आणि ‘प्लेसहोल्डर्स’ चालू करा. आउटपुट एमपी४ नाही, पीएनजी चित्रं ठेवा, आणि सगळ्यांचं आउटपुट एकाच शेअर केलेल्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. कॉम्प्युटरने फ्रेम हातात घेतली की त्या नावाची रिकामी फाइल तिथे ठेवतो, दुसरा ती बघून पुढची घेतो. जो वेगवान, तो आपोआप जास्त काम उचलतो. शेवटी ही चित्रं ब्लेंडरच्याच व्हिडिओ एडिटरमध्ये जोडायची, त्याला फारसा वेळ लागत नाही.

याचा दुसरा फायदा नागपूरकरांना लगेच कळेल. लाइन गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात. फक्त तेव्हा अर्धवट राहिलेल्या शून्य केबीच्या फाइल्स शोधून डिलीट करा, नाहीतर ब्लेंडर त्यांना ‘झालेलं काम’ समजून सोडून देतो आणि जाहिरातीत मधेच काळा झटका दिसतो.

तिन्हीकडे ब्लेंडरची एकच आवृत्ती हवी. टेक्स्चर आणि फॉन्ट फाइलमध्येच पॅक करा. मराठी फॉन्ट दुसऱ्या कॉम्प्युटरला सापडला नाही तर ‘फरसाण’च्या जागी चौकोन येतील. विंडोजचा स्लीप मोड बंद ठेवा. बिलिंगच्या पीसीवर फक्त तेवढंच एक फोल्डर शेअर करा, हिशोबाचा डेटा नाही. आणि मे महिन्यात तिन्ही एकाच बंद खोलीत लावू नका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे!

ही आयडिया काही माझी नाही. अमेरिकेने आपल्याला हवा तसा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एक अजस्र प्रोसेसर नाही, तर ट्रान्सप्यूटर नावाच्या अनेक छोट्या चिप एकत्र जोडलेल्या. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या नागपूरच्याच व्हीआरसीईचे, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीचे विद्यार्थी. पुढे १९९४ मध्ये नासाच्या लोकांनी बाजारात मिळणारे १६ साधे ४८६ प्रोसेसर इथरनेटने जोडून ‘बियोवुल्फ’ उभा केला.

पण तुम्ही फक्त मोबाइलवर शूट केलेलं कापून-जोडून यूट्यूबवर टाकत असाल, तर या भानगडीत पडू नका. तिथे एका टाइमलाइनचे तुकडे असे सहज वाटले जात नाहीत. दा विंची रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत रेंडर दुसऱ्या कॉम्प्युटरकडे सोपवता येतो, पण त्याचा अर्थ तुमचा पीसी मोकळा होतो एवढाच. तुमचा वेळ वाचवायला आधी ग्राफिक्स कार्डाचा हार्डवेअर एन्कोडर चालू आहे का ते बघा.

वायर आणि स्विच मात्र गिगाबिटचेच घ्या. १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचवर सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी जातात. मोठी फाइल उघडतानाच मागचा कॉम्प्युटर अडून बसतो. काकांच्या जाहिरातीच्या वेळी माझ्याकडे तोच जुना स्विच होता. तो बदलला, आणि बिलिंगवाला पीसी आता रात्री दुकानाचं शटर पडल्यावरच कामाला लागतो.