दोन मॉनिटरसाठी ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला खरेदीसाठी निघण्याआधी आपल्या कॉम्प्युटरची मागची बाजू बघा. मदरबोर्डवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही असतील आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल, तर टॅली, एक्सेल, ऑनलाइन मीटिंग यांसाठी दोन मॉनिटर कार्डाशिवाय मस्त चालतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात मात्र ग्राफिक्स नसतं. तिथे कार्ड घ्यावंच लागतं.

गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर गोष्ट वेगळी. लालबाग-परळच्या छोट्या खोल्यांसाठी मला आरटीएक्स ४०६० फार आवडतं. ११५ वॉटचं कार्ड, त्यामुळे खोली कमी तापते, आणि बहुतेक मॉडेलवर चार आउटपुट मिळतात. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डला नको!

फोरके मॉनिटर घेताय? एचडीएमआय १.४ वर तो ३० हर्ट्झलाच अडकतो, माउससुद्धा अडखळतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं.

आता खरा प्रश्न, जागेचा. २४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटीमीटर रुंद, म्हणजे दोन शेजारी ठेवले की साडेतीन फूट गेले. गिरगावच्या चाळीत एवढं टेबल कुठून आणणार? एक आडवा, दुसरा उभा लावा, पावणेतीन फुटांत काम होतं. उभ्या मॉनिटरवर कोड आणि लांबलचक पीडीएफ वाचायला तर फारच सोयीचं. त्यासाठी फिरणारा स्टँड किंवा मागे मॉनिटर आर्म बसवायला व्हेसा माउंटची भोकं आहेत ना, हे दुकानातच तपासा. जीएसटी बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.