जीव कसा जन्मला, आणि देवाचं काय?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका वैदिक संमेलनासाठी आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. त्यांच्या मते, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांना उत्तर दिलं. वाद मात्र मिटला नाही, कारण आपण त्यात तीन वेगळ्या प्रश्नांची एकच मोट बांधतो. पहिला जीव कसा निर्माण झाला? त्यापासून इतक्या जाती कशा झाल्या? आणि या सगळ्यामागे देव आहे का? बहुतेक गैरसमज या गाठीतूनच जन्मतात.

जीव कसा निर्माण झाला हे डार्विनने सांगितलं, अशी समजूत श्रद्धाळूंची असते तशीच नास्तिकांचीही. पण १८५९च्या त्याच्या ग्रंथात त्याबद्दल जवळपास काहीच नाही. असलेल्या सजीवांत बदल कसे साठत जातात आणि त्यातून नव्या जाती कशा होतात, हा त्याचा विषय. पहिल्या जीवाबद्दल त्याने १८७१ मध्ये मित्राला, जोसेफ हूकरला, पत्रात एक तर्क कळवला, की एखाद्या लहानशा उबदार तळ्यात रसायनं एकत्र येऊन सुरुवात झाली असेल. तो तर्कच होता, सिद्धांत नव्हे.

आणि माणूस आजच्या माकडापासून झाला, असंही विज्ञान म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एकच होते, असं म्हणतं. हे होताना कुणी पाहिलं नाही, हे खरंच. पण पुरावा हवा असेल तर घरातल्या फ्रीजमध्ये बघावं. मधुमेही माणसाचं इन्सुलिन आज बहुधा इ. कोलाय जिवाणू किंवा यीस्ट तयार करतात. मानवी इन्सुलिनची जनुकीय माहिती त्यांच्यात घातली की ते ती बिनचूक वाचतात, कारण जनुकांची लिपी माणसात, यीस्टमध्ये आणि जिवाणूत जवळजवळ एकच आहे. असं औषध १९८२ पासून वापरात आहे. सगळ्या सजीवांचं मूळ एक असल्याचा याहून हाताशी असलेला दाखला मला माहीत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ‘निर्जीवातून सजीव होत नाही, हे पाश्चरने सिद्ध केलं, म्हणजे जीव देवानेच घातला,’ हा युक्तिवाद वरवर भक्कम वाटतो. १८६० च्या आसपास लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत रस्सा उकळून ठेवला. हवा आत जाई, धूळ मात्र नळीच्या वळणात अडके, आणि रस्सा नासत नसे. त्यातून सिद्ध झालं ते एवढंच, की आजच्या परिस्थितीत उकळलेल्या रश्श्यात जंतू आपोआप उपजत नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, ऑक्सिजन जवळपास नसलेल्या समुद्रात काय घडू शकत होतं, हा त्या चंबूचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न १९५२ मध्ये शिकागो विद्यापीठात स्टॅन्ली मिलर या पीएचडीच्या विद्यार्थ्याने हाती घेतला. हॅरल्ड यूरी हे त्याचे मार्गदर्शक. काचेच्या एका चंबूत उकळतं पाणी, वरच्या चंबूत मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन. त्यात विजेच्या ठिणग्या सतत पडत राहतील अशी सोय, आणि वाफ थंड होऊन पुन्हा खाली यावी म्हणून नळ्यांची गोल वाट. एका दिवसात पाणी गुलाबी झालं, आठवड्याअखेर गडद लाल आणि गढूळ. त्यातला थेंब कागदावर पसरवून रसायन फवारल्यावर जांभळे डाग उमटले: ग्लायसिन, अ‍ॅलनिन. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी ही दोन. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या उल्केतही अमिनो आम्लं सापडली. म्हणजे हे पदार्थ निसर्गात सहज बनतात.

पण मिलरने बाटलीत जीव तयार केला, हेही तितकंच खोटं. त्याने जीव केला नाही, आणि केल्याचा दावाही केला नाही. पुरातन हवेत मिथेन-अमोनियाचं प्रमाण त्याने धरलं तितकं नसावं, असं नंतरच्या अनेक संशोधकांचं मत झालं. विटा मिळाल्या म्हणजे घर उभं राहिलं, असं होत नाही. पुढचा मोठा दुवा आरएनए या रेणूत दिसला. तो माहिती साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो, हे दाखवल्याबद्दल थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चं नोबेल मिळालं. स्वतःची नक्कल करणारा असा पहिला रेणू कसा बनला, हे अजून उलगडलेलं नाही. हे स्पष्ट सांगावं. ते लपवून विज्ञानाची बाजू बळकट होत नाही.

‘मग सगळं योगायोगाने झालं म्हणायचं?’ खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचा आक्षेप हाच होता: भंगारावरून वादळ गेलं म्हणून विमान तयार होईल का? पण रसायनशास्त्र म्हणजे वादळ नव्हे. कोणता अणू कोणाशी जोडला जाईल याला नियम आहेत. नक्कल सुरू झाली की टिकाऊ ते उरतं आणि पुढची पायरी त्याच्यावर रचली जाते. सगळं एका झटक्यात जुळावं लागत नाही.

जीव अवकाशातून आला असावा, असं हॉइल मानत. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी ती कल्पना वादात न ठेवता तपासायला घेतली. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या प्रयोगासाठी बलून उडवले गेले. ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली, आणि हैदराबाद व पुण्याच्या प्रयोगशाळांत तिची तपासणी झाली. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावं दिली. मात्र हे जिवाणू पृथ्वीबाहेरूनच आले असं यातून सिद्ध होत नाही, हेही निष्कर्षातच नोंदवलं. स्वतःला प्रिय असलेल्या कल्पनेशी असं वागणं मला फार मोठं वाटतं. आणि जीव बाहेरून आला असं उद्या ठरलं, तरी तो तिथे कसा झाला हा प्रश्न उरेलच.

आपल्या घरांत आणखी एक समजूत हमखास ऐकू येते: दशावतार म्हणजेच उत्क्रांती. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन असा क्रम आकर्षक आहे, पण हा अर्थ डार्विननंतरच्या काळात लावला गेला. उत्क्रांती एका रांगेत चढत जात नाही, ती फांद्यांनी पसरते. वराह हा माणसाचा पूर्वज नाही. विष्णूच्या अवतारांना जीवशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरजही नाही.

उरला तिसरा प्रश्न. उत्क्रांती मानली की देव सोडावा लागतो? महास्फोटाच्या कल्पनेचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. विसाव्या शतकातल्या उत्क्रांतिशास्त्राचे एक शिल्पकार थिओडोसियस डोबझान्स्की श्रद्धावान ख्रिस्ती होते. माणूस देव मानून उत्क्रांतीही मानू शकतो, असं अज्ञेयवादी झालेल्या डार्विनने स्वतः १८७९ मध्ये एका पत्रात लिहिलं आहे. दुसऱ्या बाजूने, देव नाही हे प्रयोगाने सिद्ध झालं, असं म्हणणाराही विज्ञानाच्या नावावर जास्तीचं बोलतो. प्रयोग करताना देव मध्ये पडणार नाही असं धरून चालायचं, ही कामाची रीत आहे. आस्तिक शास्त्रज्ञही तीच पाळतो. मात्र आज विज्ञानाला जे ठाऊक नाही, तिथे देव आहे असं म्हणणाऱ्याने आपली श्रद्धा पुढच्या शोधाच्या हवाली केलेली असते. हे श्रद्धेच्याच हिताचं नाही.

२०२३ मध्ये ‘एनसीईआरटी’ने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं, कारण पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला हा विषय पुन्हा भेटतच नाही. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आहे. शिक्षकांना आणि पालकांना विनंती, की तो ‘परीक्षेपुरता’ म्हणून उरकू नका. मुलगी सकाळी देवाला नमस्कार करून शाळेत येत असेल तर येऊ द्या, आणि हा धडा तिला पुराव्यांसकट, त्यातल्या न सुटलेल्या प्रश्नांसकट पूर्ण शिकवा.